नऊ खुर्च्या

मनामात, सातव्या मजल्यावर
नऊ खुर्च्या आल्यात.
प्लॅस्टिकचं वेष्टण अजून तसंच आहे.
वर्णभेदाविरुद्ध सरकारला सल्ला द्यायला
माणसं निवडायचीत.

यादी मी टाईप करतो.
एकोणीस वर्षं हेच टेबल,
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून,
दोन्ही जिथे भेटतात तिथे मी
शिंक दाबून बसलेला.

बू राशिदनी रकाने सांगितले :
नाव, देश, शिक्षण, फोटो.
फोटोमागे पांढरा पडदा हवा.
मी म्हटलं, देश कशाला, सर?
म्हणाले, समतोल नको का?
हवाच की.
पगारपत्रकातही हा रकाना असतो,
तिथे मात्र समतोलाचं नाव कुणी काढत नाही.

अर्ज एकशे बारा.
हॅडलीसाहेबांच्या दोनच ओळी : मला सर्वांविषयी आस्था आहे.
शोरूमवाल्या चांडींची तीन पानं,
पुरस्कार घेतानाच्या फोटोंसकट.
आणि धनमाया गुरुंग, हाताने लिहिलेलं,
कुणीतरी इंग्रजी करून दिलेलं :
माझा पेला वेगळा ठेवतात. स्टीलचा आहे. चांगला आहे.

त्या 'चांगला आहे'पाशी माझी बोटं अडली.
देवरुखला आमच्या पडवीत, खांबामागे
कान तुटलेली एक कपबशी असायची.
कुणासाठी, ते कुणी बोलायचं नाही.
विसळायची ती मात्र ज्याची त्याने.

मंगळवारी अकोसुआ मेन्सा आली,
नर्स, रात्रपाळी उतरून, इस्त्रीच्या कपड्यांत.
गेटवरच्या बजरंगने तिला मागच्या लिफ्टकडे धाडलं,
कचऱ्याच्या ढकलगाड्या जातात तिकडे.
का रे बाबा?
भाऊ, मला वाटलं सफाईवाली.
बजरंग कराडचा. गणपतीत भेटला तेव्हा
माझं नाव ऐकून म्हणाला होता, पुढे?
मी आडनाव सांगितलं.
मग तो मोकळा झाला, शेजारी बसला.
मलाही बरं वाटलं होतं,
हे इथे लिहून ठेवतो.

ती अकरा मिनिटं उशिरा पोचली.
बू राशिद वाईट माणूस नाहीत,
तिला त्यांनी स्वतः खजूर दिले,
मग मला म्हणाले, शेऱ्यात लिही, वेळेचं भान कमी.
मी लिहिलं.
खाली लिहिलं : कारण, आपली लिफ्ट.
ते खोडलं.
पुन्हा लिहिलं. कागद प्रिंटरमध्ये आहे,
शाई संपलीय म्हणून लाल दिवा लागलाय.

जाताना तिने विचारलं,
तुम्ही नाही भरला अर्ज?
मी हसलो, चहा विचारला.
रात्री खोलीवर, कुकर होईस्तोवर, फॉर्म उघडून बसलो.
भेदभाव सोसला आहे का? चौकट.
होय, नाही.
केला आहे का, ही चौकटच नाही.

फॉर्म मीच आखलाय.
शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहून गेलं.