खांब नंबर तेरा

रात्री अडीचला विमानतळाच्या काचा बाहेरून घामेजतात.
मी खांब नंबर तेरापाशी.
प्लास्टिकचं स्टूल, पावतीपुस्तक, दोरीला बांधलेलं पेन
(दोरीसकट दोनदा चोरीला गेलंय).
इथं ओरडायचं नाही असा नियम,
म्हणून मी गावं कुजबुजतो:
पुणे, पुणे. नाशिक. कोल्हापूर आहे.
कुणाचं तरी गुपित सांगावं तसं.

सात वर्षं झाली. विमानात अजून बसलो नाही,
पण कुठलं उतरलं ते मला सामानावरून कळतं.
टोरांटोच्या बॅगांची चाकं आवाज करत नाहीत.
आखातातून खोके येतात, पिवळ्या दोरीनं
असे आवळलेले, की आत काहीतरी जिवंत असावं.
मी ते ट्रॉलीवरून उचलून मिनीबसमध्ये टाकतो,
मोठी गाडी बाहेर, हायवेच्या कडेला थांबते.
दोन समुद्र ओलांडून आलेली माणसं
शेवटच्या दीडशे किलोमीटरवर चिडतात.
कधी पोचेल? वाकडला कधी? द्वारकेला कधी?
एसी चालतो ना? मधे थांबते का?
कधी पोचेल?

ती आली आणि म्हणाली,
सगळ्यात उशिरा पोचणारी कुठली?

मला वाटलं, झोपेत उलटं बोलली.
तिची पावती केली. पुष्पा पगारे, नाशिक, सीट अकरा.
तीनची गाडी भरत आली होती, तिनं जाऊ दिली.
खोक्यावर बसली, माझ्या स्टुलापासून दोन हातांवर,
आणि फोन काढला. काचेला तडा,
तडा एका मुलीच्या कपाळावरून गेलेला.
चार वर्षांची टाकून गेले, म्हणाली, आता पंधराची.
कुवेतमधून रोज रात्री फोन करायचे.
चांगलं बोलते. सगळं सांगते.
पण मला अहो म्हणते.
जेवलात का, म्हणते. कधी येणार तुम्ही, म्हणते.
मी विचारलं, कुणी शिकवलं?
तर म्हणाली, कुणी नाही, तसंच येतं तोंडात.

मला काही सुचेना. मी कुजबुजलो, पुणे, पुणे.

मग तिनं विचारलं,
साडेचारची जास्तीत जास्त किती उशीर करेल?
एरवी साडेआठ, म्हटलं. पण कसाऱ्याला
ट्रक आडवा झाला तर दहासुद्धा वाजतील.
इतकी खूश झाली, जणू मी भाड्यात सूट दिली.

साडेचारला तिनं खोका मला उचलू दिला नाही.

दुसऱ्या रात्री युनूस गाडी घेऊन आला.
मी पाण्याची बाटली पुढं केली आणि सहज विचारलं.
घाट मोकळा होता, म्हणाला, लोण्यासारखी गेली गाडी.
सीट अकरा? ती मुंबई नाक्यालाच उतरली,
द्वारकेच्या एक थांबा आधी.
खोका फुटपाथवर ठेवला, टपरीच्या आरशात केस विंचरले,
मग निघाली पायी, खोका डोक्यावर.
मी म्हटलं, बाई, सोडतो की पुढं. नको म्हणाली.

आणि द्वारकेला एक पोरगी उभी होती, तो म्हणाला,
उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत.
सगळे उतरले तरी दारातून हलेना.
मला विचारलं, विमानतळाची ना ही गाडी?
माझी आई नाही का आली?
मी सांगितलं, येतेय, मागून, चालत.

थांब, मी म्हटलं. परत सांग.
नाही का आली म्हणाली, की नाही का आल्या?

युनूस माझ्याकडे बघत राहिला.
त्यात काय फरक आहे, म्हणाला,
मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते,
मी काय शब्द मोजत बसू?

आतून कुठलंतरी विमान उतरल्याचा गलका आला.
काचेचं दार सरकलं. पिवळ्या दोऱ्या.
मी उठलो.
नाशिक, म्हटलं. नाशिक आहे.