तीनशे बारा दारं

हापानिवातली गिरणी बंद पडली त्याला सहा वर्षं झाली.
कागद करायचो आम्ही. आता मी बर्फ ढकलतो,
पहाटे चारपासून, नगरपालिकेच्या पिवळ्या गाडीने.
गाव उठायच्या आत गावाला रस्ता देतो.

गेल्या शरदात ग्रंथालयापुढे ते उभं राहिलं.
गिरणीतले आमचेच लोखंडी कप्पे,
कोट, बूट, डबा ठेवायचे ते,
एकावर एक रचलेले, दारं सताड उघडी.
नदीवरून वारा आला की तीनशे बारा दारं आपटतात,
पाळी सुटल्यासारखी.
करणारी दक्षिणेकडची, साइमी कोर्तेसोया,
कोवळी पोर, बोटांवर वेल्डिंगचे डाग.
किंमत अडतीस हजार युरो.

मग काय विचारता.
पोहण्याच्या तलावातलं गरम पाणी
त्याच महिन्यात बंद झालेलं.
सांधे धरलेल्या म्हाताऱ्या जायच्या तिथे, दर बुधवारी.
"भंगार घेतलं, तेही आपलंच, तेही आपल्याच पैशांनी,"
तार्मो न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेला म्हणाला.
शाळेतला मास्तर म्हणाला, समजून घ्यायला हवं.
"तुला समजलं?" विचारलं,
तर साखर न घातलेली कॉफी ढवळत बसला.
कुणीतरी रात्री एका कप्प्यात मेलेला मासा ठेवला.
थंडी अशी, की वास यायला एप्रिल लागला.

मीही अर्जावर सही केली. खोटं कशाला बोलू.
एकशे चाळिसावं नाव माझं, अक्षर चांगलं.

सभेला साइमी आली होती, एकटीच, बसने.
याचा अर्थ काय, कुणीतरी ओरडलं.
"रचून झाल्यावर," ती म्हणाली,
"मला दारं लावून घेववेनात."
एवढंच. लोक हसले.
माझंही हसू त्यात होतं.

सगळ्यात चढा आवाज राउहा पेसोनेनचा.
कलेला माणशी वर्षाकाठी दोन युरो सत्तर सेंट,
त्यात हे, त्यात पोरांच्या बँडची खोली,
त्यात उन्हाळ्यातलं नाटक, ज्यात तीच दरवर्षी
तिकिटं फाडायला बसते.
"एका कॉफीचे पैसे," मास्तर पुटपुटला.
"मग मला कॉफी द्या," राउहा म्हणाली.
टाळ्या बराच वेळ चालल्या.

डिसेंबरात अनुदान कापलं.
बँडच्या खोलीला कुलूप लागलं,
ढोल मास्तरच्या गॅरेजमध्ये गेले.
गरम पाणी काही आलं नाही.
आणि ते लोखंड तिथेच राहिलं,
कारण हलवायचा खर्च निघाला
एकेचाळीस हजार.

जानेवारी. उणे सव्वीस.
वळणावर गाडीच्या दिव्यात बाई दिसली,
गुडघाभर बर्फात उभी,
एका हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी,
दुसऱ्याने चौसष्ट नंबरचं दार धरलेलं.
राउहा.
चौसष्ट वेइयोचा. गिरणी बंद झाली
त्याच हिवाळ्यात तो गेला.

असल्या थंडीत इंजिन बंद करू नये.
मी केलं.

"फार कुरकुरतं," ती म्हणाली. "झोप लागत नाही."
तिचं घर नदीपलीकडे, दीड किलोमीटर.
मी काही बोललो नाही.
मग विचारलंच, मत बदललं का?
"मत?" तिने बिजागरीत आणखी दोन थेंब सोडले,
दार पुढेमागे करून पाहिलं,
कान लावला.
"भंगार ते भंगारच.
आणि सांगून ठेवते, फेब्रुवारीच्या सभेत
पुन्हा बोलणार आहे मी."

बोललीही. आधीपेक्षा जोरात.

माझा कप्पा एकशे सत्त्याऐंशी,
वरून दुसऱ्या रांगेत, हात पोचत नाही.
आत मुलीने चिकटवलेला बेडूक होता, हिरवा.
असेल अजून, नसेल.
शिडी आहे गाडीत. काढलेली नाही.

एवढं मात्र करतो:
चौक साफ झाला की नांगर जरा तिरका धरतो
आणि रस्त्यापासून चौसष्टपर्यंत
एका माणसापुरती वाट ठेवतो.
कामाच्या वहीत तिची नोंद नाही.