कारणे नमूद करावीत

"मॅडम, अटक करतेत का नाही त्याला?"
नागमणी चिलवेरी विचारते
आणि डाव्या हाताची दोन बोटं पदराखाली घेते,
वाकत नाहीत आता ती.
विडी वळायला लागतात.

मी सांगते तेच, जे मला सांगितलंय:
शिक्षा सात वर्षांच्या आतली,
म्हणजे आधी नोटीस.
तो आला, बोलला, पळाला नाही
तर हात लावायचा नाही.
लावलाच, तर कारण लिहायचं.
साहेब वाचणार, मग मॅजिस्ट्रेट.

"कंपनीत शंभर-शंभर विड्या छाट टाकतेत,
तिथं कोण कारण लिहितंय?"

माझ्यापुढं छापील तक्ता.
पुरावा नष्ट करेल काय.
साक्षीदारास धमकावेल काय.
फरार होईल काय.
प्रत्येकासमोर एक चौकोन, तेंदूच्या तुकड्याएवढासुद्धा नाही.
रात्री दाराची कडी आतून कोण लावतं,
हे कुठंच विचारलेलं नाही.

तरी मी तक्त्याला शिव्या देत नाही.
बारा वर्षांपूर्वी असल्याच एका फिर्यादीत
रात्री दीड वाजता एका म्हातारीला उचललं होतं मी.
तिची चप्पल जिन्यातच राहिली.
पुढं सून स्वतः म्हणाली,
आत्या त्या दिवशी अक्कलकोटला होत्या.
तेव्हा चौकोन नव्हते.
आम्ही होतो.

दुपारी विडी घरकुलात गेले.
अंबादास मागावर, भुवयांत कापसाचा भुसा.
सहीसाठी त्यानं माग बंद केला.
बंद केला म्हणून तर ऐकू आलं
बोद्दूलांच्या पोरीला तो काय म्हणाला ते,
दारात उभी होती ती, दहावीची वही छातीशी धरून.
तेलुगूत म्हणाला, हसत, सही करता करता:
काय बघितलीस तू? परत सांग बरं,
बोटं तुलाही आहेत.

त्याला वाटलं, ही जाधवबाई,
हिला काय कळतंय.
मी साखर पेठेत वाढलेय, अंबादास.
लहानपणी भांडायला तेलुगूच शिकले आधी.

ठाण्यात येऊन बसले.
पोरीचा जबाब तिच्या आईसमोर घेतला,
हळू, तिच्या भाषेत.
मग तक्ता ओढला,
दुसऱ्या चौकोनात खूण केली
आणि खाली जागा पुरेना म्हणून
कागदाच्या पाठीवर लिहीत गेले.

नागमणी बाकावरच होती.
"लिहिलात?"
लिहिलं.
"नीट वाचता येईल ना त्यांना?"

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून
अक्षर मोठं काढायला घेतलं.