बुबुळातली जाळी

माझ्या वर्गातला पहिला धडा कॅमेऱ्याचा नसतो.
काचेच्या बाटलीत विश्वामित्रीचं पाणी भरायचं,
बूच असं बसवायचं की एकही बुडबुडा आत राहू नये,
मग प्रयोगशाळेत थेंब थेंब मोजत
निळा रंग नाहीसा होईपर्यंत हात स्थिर ठेवायचा.
लिटरला एक पूर्णांक दोन मिलिग्रॅम.
म्हणजे इथे मासा तोंड वर करकरून मरेल.
"आता हे दाखवा," मी म्हणते,
"पाण्यात जे नाही ते."

मुलं बाटलीकडे बघतात, मग माझ्याकडे,
आणि बडोद्यातलं कुणीही करील तेच करतात:
मगर शोधायला निघतात.

एकोणीस सकाळी काळ्या घोड्याच्या पुलाखाली.
जानेवारीतलं कोवळं ऊन, प्लास्टिक अडकलेल्या बाभळी,
झंखना बॅटऱ्या कुशीत धरून ऊब देतेय,
यशोधन ट्रायपॉडला टेकून पेंगतोय,
तौसीफनं माइक फुग्यात बांधून गाळापर्यंत सोडलाय
आणि तो एकटाच हसतोय:
"बाई, खाली कुणीतरी खिचडी शिजवतंय."
मी ऐकलं. फुटणारा वायू, बुळबुळ, बुळबुळ.
पुसून टाक म्हणाले, जागा खातंय.

फिल्म झाली सात मिनिटांची.
तिसऱ्या मिनिटाला पडदाभर डोळा,
सोनेरी, मधोमध उभी चीर,
खाली व्हायोलिन.
मी पाठ थोपटली. खरंच थोपटली.

एप्रिलात काठावरच्या वस्तीत चादर बांधून दाखवली.
रेवीबेन पुढेच बसली होती, शेळीच्या पिलाला मांडीत घेऊन.
त्याची आई गेल्या भाद्रपदात मगरीनं नेली,
तरी दर रविवारी ती काठावर नारळ फोडते,
खोडियार मातेचं वाहन ते, भांडणार कुणाशी?
डोळा आला. ती म्हणाली,
"आ अमारो नथी."
आमच्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलंय, कुणीतरी दगड मारलेला.
आणि हा बघतोय कसा,
चार वाजता जेवण येणार हे ठाऊक असल्यासारखा.

सगळे हसले. यशोधन हसला नाही.

रात्री एडिटिंगच्या खोलीत डोळा मोठा करत नेला,
चौपट, आठपट,
बुबुळाच्या ओल्या काळ्यात
बारीक, सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा.
जाळी.
"कमाटीबागेतला आहे, बाई.
एकोणीस दिवसांत एकदाही आला नाही तो.
तिकिटाचे पैसे मी हिशोबात लिहिले नाहीत."

मला रागवायचं होतं. वाक्यंही तयार होती,
सत्य, निसर्ग, प्रेक्षकाचा विश्वास, दर वर्षीची.
पण माझ्या कपाटात एक ढाल आहे,
पहिल्या फिल्मची. रतनमहालच्या डोंगरात,
अस्वलाच्या मागे आम्ही तीन आठवडे चाललो,
पहाट काही केल्या पहाटेसारखी ऐकू येईना,
म्हणून मी कॅसेटवरचा एक पक्षी घातला.
त्या रानात तो कधी नव्हताच.
परीक्षक म्हणाले होते, ध्वनी विलक्षण.
सव्वीस वर्षांत कुणी रेवीबेन भेटली नाही मला
किंवा भेटेल अशा जागी मी पडदा बांधला नाही.

हे मी मुलांना सांगितलं. कुणी काही बोललं नाही.
झंखनानं पंखा बंद केला, उगाच.

मग तौसीफ म्हणाला, ते खिचडीचं मी पुसलं नव्हतं.
व्हायोलिन काढलं. डोळ्याखाली गाळ ठेवला,
हवा संपलेल्या पाण्याचा तो आवाज,
बाटलीतला आकडा, पहिल्यांदाच कानांनी.
डोळा आहे तसाच. जाळी दिसते, थांबून बघितलं तर.
खाली यशोधनच्या अक्षरात एक ओळ:
डोळा पिंजऱ्यातला, आवाज नदीचा.

माझ्या फिल्मखाली अजून काही लिहिलेलं नाही.