खर्ज

कणकवलीहून सोलकरांचा पोरगा टेम्पोतून खोका घेऊन आला.
"दोन दिवस वाजवून बघा, काका.
पण घ्यायचे तर दोन घ्या.
एकटा सबवूफर कोपऱ्यात घुमत बसतो,
दोघे असले की खोलीभर सारखा पसरतो."
मालती दारात सूप घेऊन उभी.
"ह्यो काय, कोंबड्यांचो खुराडो?
आणि दुसरो कित्याक व्हयो?"

बत्तीस वर्षं देवगड बंदरात
बर्फाच्या कारखान्यात काढली, कॉम्प्रेसरच्या शेजारी.
बारीक आवाज कानांनी केव्हाच परत केले,
कुकरची शिटी, फोन, नातीचं कुजबुजणं.
जाड आवाज अजून पोचतात,
ते बरगड्यांतून येतात.

संध्याकाळी लावला.
पहिल्या ठोक्याला आगळाची बाटली फळीवर सरकली,
दुसऱ्याला कौलांतली धूळ चहात,
आणि कुंपणापलीकडून अनसूया वहिनी:
"भावजी, घरात लाँच सुरू केलीत काय?"
बटण मागे घेतलं, अर्ध्याच्याही खाली.

मग ती कॅसेट काढली.
हे सगळं तिच्यासाठीच चाललंय
हे मी कोणालाच बोललो नव्हतो.
शहाण्णव सालची डबलबारी,
पखवाजावर आमचा गंगाराम धुरी,
डाव्या पुडीवर कणीक अशी चढवायचा
की थाप पडली की मांडवाचे बांबू ऐकायचे.

वाजली.
उजव्या हाताची बोटं सगळी होती,
कुणाचा तरी खोकला होता,
बुवांची उसनी घेतलेली तान होती.
डावा हात नव्हता.
बटण वाढवलं, आणखी वाढवलं,
खोका नुसता श्वास घेत राहिला.
खुर्चीवर ठेवलेला तो डबडा टेपरेकॉर्डर,
मिऱ्याएवढा त्याचा माईक,
एवढं जड त्याला उचललंच नसणार.
टेपवर नाही ते हा कुठून आणणार?
उद्या परत न्यायला सांगावं,
मी वायर काढायला वाकलो.

"बंद कित्याक करतास?"
मालती पाटावर बसलेली,
भेगाळलेल्या टाचा दोन्ही
खोक्याला टेकवून, डोळे मिटून.
"पायांक बरा वाटता. ऱ्हवांदे."

वायर हातातच.
गंगाराम उजव्या हाताने वाजवतोय,
डावा तिच्या टाचांत आहे की काय
मला ऐकू येत नाही.
एक ठेवू म्हणतो.
दुसऱ्याचं सोलकराला
पगाराच्या, म्हणजे पेन्शनच्या तारखेनंतर
कळवतो.