गुंजभर

कानात खरूज, एवढंच होतं.
मागच्या पायाने खाजवून खाजवून
तिने उजवा कान सोलून घेतला होता.
वेताच्या करंडीत घालून, वर माझा पंचा बांधून
बोर्ड्याहून डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत नेली.
वाटेत तीनदा म्हणालो तिला,
आलं गं, आलंच.

नाव गुंजी.
तांबूस अंग, डाव्या डोळ्याला चिकटून काळा डाग.
गटाराकडे सापडली तेव्हा
दुकानातल्या काट्यावर ठेवली होती गमतीने:
नऊ तोळे, वर थोडी थरथर,
त्यामुळे आकडा काही स्थिर होईना.

डॉक्टर लिविया कुलासो. वय असेल अठ्ठावीस.
हात हलका. आजही तसंच म्हणेन.
त्या दिवशी बाहेर चार कुत्री, एक ओरडणारा बोकड,
वीज जाऊन-येऊन.
तिने कागदावर लिहिलं
.१
आधी शून्य नाही.
तिच्या हाताखालच्या साईशने टिंब पाहिलं नसेल,
किंवा शाई उडाली समजला असेल.
सिरिंज भरली एक.
तिने घेतली, न बघता टोचली.

धरलं होतं मी.
हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो.
मानेची कातडी चिमटीत, दुसरा हात पोटाखाली.
तिने मान वळवून पाहिलं तेव्हा
काही नाही गं, म्हणालो,
मुंगी चावली.

रात्री नऊला बाहुल्या एवढ्या मोठ्या
की डोळ्यांत पिवळं काही उरलं नाही.
भिंतीवर आपटली. वळली. पुन्हा तीच भिंत.
पाण्याच्या वाटीत पाय घालून उभी राहिली.
मी दिवा लावला, मग दुसरा लावला,
जणू अंधार खोलीत होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं.

डॉक्टर स्वतः आली, दुपारी, स्कूटरवरून.
वय झालं, हृदय कमजोर होतं,
असं काहीही म्हणाली असती तर मी मानलं असतं.
तिने तो कागद काउंटरवर ठेवला.
'शेट, दहापट गेलं. चूक माझी.'
आणि फीचे चारशे रुपये, घडी घातलेले.

सवयीने मी डोळ्याला भिंग लावलं.
टिंब होतं.
खसखशीहून बारीक, पण होतं.

ती रडली. मी पाणी दिलं नाही.
द्यायला हवं होतं, हे कळत होतं,
माठ हाताशी होता.

चाळीस वर्षांमागे, बाप जिवंत असताना,
एका बाईची कर्णफुलं मी मोडीत टाकून आटवली.
डाग लावायला आणलेली, मेलेल्या आईची.
तसलीच घडवून दिली, एक गुंज जास्त घालून.
ती म्हणाली, वजन कोण मागतंय तुझ्याकडे?
आणि नेली. नेली, हेच अजून टोचतं.

चारशे रुपये ड्रॉवरमध्ये आहेत.
कुठल्या वहीत लिहायचे ते ठरत नाही.
साईश भेटला होता बाजारात,
नजर चुकवून म्हणाला,
डॉक्टर आता शून्य बांगडीएवढं काढतात.
मी म्हटलं, बरं.
दुसरं काय म्हणणार होतो?

पास्कोआ अजून रोज सकाळी पायरीवर टोपली उतरवते.
बांगड्यांची डोकी वेगळ्या पानात बांधते.
'माजराक, शेट.'
तिला मी सांगितलेलं नाही.
पुडी घेतो, मागच्या दारी माडाच्या बुंध्याशी ठेवतो.
कावळे येतात. एक मुंगूस येतं, कानाने धड असलेलं.

पण दारापर्यंत जाताना
हात आपोआप वरखाली होतो,
किती भरेल
ते पाहत.