घाम

बापू म्हणायचा, घोडा राखणं म्हणजे
त्याच्या अंगातलं पाणी राखणं.
तेव्हा कळलं नव्हतं.

कुर्ल्याच्या बैलबाजारात आमची पागा.
पागा कसली, पत्र्याखाली दोन ठाणं,
एक रिकामं, एकात शकुन.
नुकरी घोडी. नाकाची कातडी गुलाबी,
उन्हात सोलवटते, म्हणून रोज जस्ताचं मलम लावते.
गल्लीतल्या पोरी हसतात,
हिचं पण लग्न आहे का गं, मावशे?

मे महिन्यात आमचं घड्याळ उलटं.
पहाटे साडेतीनला, खोगीर न घालता,
मी तिच्या पाठीवर. मिठीचा पूल ओलांडून
काचेच्या इमारतींच्या रस्त्याला लागतो.
डांबर तेव्हा कुठे निवलेलं असतं.
वॉचमन सलाम ठोकतो. घोडीला, मला नाही.
काचेतून दुसरी पांढरी घोडी चालत येते,
शकुन कान टवकारते,
रोज,
अजून ओळख पटलेली नाही.
सहाच्या आत परत. पुढे रस्ता आमचा नाही.

परवा खरारा करताना हात मानेवर थांबला.
कोरडी.
छाती, मांडीची आतली बाजू, कानामागे,
सगळं कोरडं, शाडूच्या मूर्तीसारखं.
भिंतीला घाम, माठाला घाम,
माझी पाठ चिंब,
आणि हिच्या अंगातून थेंब नाही.
बरगडीवर डोळा लावून श्वास मोजले.
मिनिटाला बहात्तर.

इनूस नालबंद म्हणाला, दमट हवेत होतं असं.
गाळून गाळून एक दिवस
जनावर घाम विसरतं.

पाचला साकीनाक्याची वरात.
दोन हजार आगाऊ घेतलेले, त्यातले खर्चलेलेही.
जरीची झूल ट्रंकेतून काढली,
ओल्या गोधडीएवढी जड लागली.
फोन केला. नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला,
चालायचंच तर आहे तिला!
म्हटलं, मामा, कोट घाला, तोंड मिटून घ्या,
भाच्याला खांद्यावर बसवा
आणि तासभर चालून दाखवा.
त्यांनी शिवी हासडली. मी उसने काढून पैसे परत केले.
नवरदेव टेम्पोच्या टपावर बसून गेला म्हणे,
मजेत.

रात्री बर्फाची अर्धी लादी, टँकरचं पाणी.
ओतायचं की लगेच निथळवायचं,
अंगावर राहिलं तर तेच पाणी शेकतं.
ओत, निथळव. ओत, निथळव.
गुळाच्या पाण्यात मीठ. ओलं गोणपाट.
तारेनं बांधलेला पंखा,
त्याचं तोंड तिच्याकडे.

बापू महालक्ष्मीला जन्मभर
दुसऱ्यांच्या घोड्यांचा मोतद्दार.
सदऱ्यावर मिठाची पांढरी रेघ उमटायची.
आई ती घासत बसायची आणि मला म्हणायची,
शीक, नाहीतर हेच.

आज चौथी रात्र. अडीच वाजलेत.
टॉर्च तोंडात धरून तिचा डावा कान उचलला.
केसांच्या मुळाशी ओल.
पाण्याची असेल.
बोट फिरवलं, जिभेला लावलं.

खारट.

सुगंधाला उठवून सांगावंसं वाटलं.
काय सांगणार? घाम आलाय, म्हणून?

मग लक्षात आलं, बोट माझंच,
तेही सकाळपासून खारटच आहे.
धुतलं. पदराला पुसून कोरडं केलं.
आणि पुन्हा कानामागे नेलं.